पुढचा ब्रेक सुटत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस उघडला की आमच्या पंचवटीत घराघरांतून जुन्या मोटरसायकली बाहेर निघतात. चार महिने पत्र्याखाली उभ्या असतात. किक मारली की धूर टाकत सुरूही होतात, पण ढकलायला जावं तर पुढचं चाक जड लागतं. गोणी ओढल्यासारखं. आज त्या जड चाकाबद्दल बोलायचं आहे. जुनी गाडी, पुढे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्यात बसलेला ब्रेक, आणि ब्रेक लागतो पण सुटत नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. ब्रेक चिकटला तर आधी वायर सोडा, मग ठरवा. हँडलपासून येणारी ब्रेकची वायर खाली चाकापाशी आर्मला, म्हणजे ड्रमबाहेरच्या छोट्या लोखंडी पट्टीला जोडलेली असते, तिथून ती सोडा. चाक मोकळं झालं तर दोष वायरीत आहे. चाक तसंच जाम राहिलं तर दोष ड्रमच्या आत आहे. पुन्हा सांगतो. आधी वायर सोडा, मग ठरवा.

हे मला कोणी वर्गात शिकवलेलं नाही. ते मी नांदुरीला शिकलो, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी, १९९६ साली.

वडिलांची शंभर सीसीची गाडी होती. त्या वर्षी त्यांचा पाय मोडला, त्यामुळे ज्येष्ठापासून गाडी अंगणात उभी. गोदावरीकाठचं घर, पावसाळाभर भिंतींना ओल. दिवाळी झाली, वडील काठी टेकत चालायला लागले, तेव्हा आई म्हणाली, आता मला गडावर ने. तिने देवीला बोलून ठेवलं होतं. मी गाडी धुतली, हवा भरली, चेनला तेल दिलं आणि कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही दिंडोरीच्या रस्त्याने निघालो. ब्रेक दोनदा दाबून पाहिला होता, लागत होता. सुटतोय का, ते पाहायचं माझ्या मनातही आलं नाही.

नांदुरीहून घाट चढताना काही जाणवलं नाही. चढावर पुढचा ब्रेक लागतोच कुठे? दर्शन झालं, ओटी भरली, प्रसाद घेतला. उतरताना मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी आपोआप मंद व्हायला लागली. उतार असूनही मंद! आणि हँडलवरची ब्रेकची लिव्हर हाताला अगदी सैल, लुळी. मला वाटलं वायर तुटली. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "अरे, काहीतरी करपतंय."

मागचा ब्रेक आणि पहिला गिअर, असं करत कसाबसा पायथ्याला आलो. शेवटी चाक जागचं हलेना. रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. एक बाभूळ, तिला टांगलेला टायर, खाली पाण्याची लोखंडी पाटी. मी आईच्या हातातली बाटली घेतली आणि ड्रमवर ओतायला वाकलो. दुकानातले म्हातारे बाबा तिथूनच ओरडले, "दादा, पाणी नका टाकू! चीर जाईल त्याला." मग स्वतः आले, बोटाने एकच थेंब ड्रमवर शिंपडला. चर्रकन उडाला. म्हणाले, "बसा, चहा घ्या. हे निवल्याशिवाय हात लावायचा नाही."

चहा झाला, अर्धा तास गेला. मग त्यांनी पहिलं काम केलं ते वायर सोडण्याचं. चाक तसंच जाम. "वायर चांगली आहे तुमची," ते म्हणाले, "आत धरलंय." पान्याच्या दांड्याने आर्मला मागच्या बाजूने हलकेच दोन ठोके दिले. टक्, टक्. चाक सुटलं! मी लगेच वायर जोडायला पुढे झालो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आता सुटलंय. पुढच्या वेळी ब्रेक दाबला की परत धरेल. मावशीला घेऊन जाणार तुम्ही असं?"

त्यांनी इंजिनखाली दगड लावला, मीटरची केबल काढली, एक्सल ओढला, चाक खाली घेतलं. एक्सलचा नट, वायशर, पिन ठेवायला जागा नव्हती, तर आईने पदर पुढे केला. एका टोकाला देवीचा प्रसाद बांधलेला होता, दुसऱ्या टोकाला तिने नटबोल्ट बांधले.

ब्रेकची प्लेट बाहेर आल्यावर त्यांनी मला दाखवलं. दोन शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे, आणि त्यांच्या मधे कॅम, म्हणजे दांडीच्या टोकाचा चपटा भाग. लिव्हर ओढली की आर्म फिरतो, आर्मबरोबर कॅम फिरतो, कॅम शूंना बाहेर ढकलतो. लिव्हर सोडली की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात आणि कॅम परत जागेवर येतो. आमचा कॅम येत नव्हता. आर्म काढण्याआधी त्यांनी आर्मवर आणि कॅमच्या टोकावर छिन्नीने एक सरळ खूण केली, म्हणजे बसवताना दाता चुकणार नाही. मग कॅमची दांडी ठोकून बाहेर काढली. बोटाएवढी दांडी, वर विटकरी गंज, आणि मधे जुन्या ग्रीसचा थर. नखाने खरवडला तर खापरीसारखा तुकडा निघाला. हे ग्रीस एके काळी मऊ होतं, यावर विश्वास बसत नव्हता.

रॉकेलने धुतली, पॉलिश पेपर गोल फिरवून दांडी घासली, भोकातही पेपरची सुरळी फिरवली. दांडी भोकात घातल्यावर दोन बोटांनी फिरली पाहिजे, एवढी. मग ग्रीस. किती? चपातीला तूप लावतो ना, त्याहून कमी. फक्त दांडीला, कॅमच्या तोंडाला आणि शू पलीकडे ज्या पिनवर टेकतात तिला. जास्तीचं पुसून काढलं. लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराला, ग्रीसचं बोटही लागू दिलं नाही. ग्रीस लागलेला लायनर धरत नाही.

आणि आता ऐका. चाक बसवलं, एक्सल घातला, नट हातानेच फिरवून ठेवला आणि बाबा आईला म्हणाले, "मावशी, तो ब्रेक दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका." आईने जन्मात मोटरसायकलच्या हँडलला हात लावला नव्हता. तिने दोन्ही हातांनी लिव्हर अशी आवळली की बांगड्या मागे सरकल्या. बाबांनी तेवढ्यात एक्सलचा नट कसला. ब्रेक दाबलेला असताना एक्सल कसला की शू ड्रमच्या मधोमध बसतात, एका बाजूला घासत नाहीत. "सोडा!" आईने सोडलं, चाकाला हात मारला, चाक फिरत राहिलं. आई पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, नांदुरीला ब्रेक मी दुरुस्त केला. ते खरंच होतं.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचं भरभर सांगतो.

लिव्हर सैल पडली आणि चाक धरलेलं असेल, तर बहुधा कॅम अडकलाय. लिव्हर जड असेल, सोडल्यावर हळूहळू परत येत असेल, तर वायर. वायर सुकली असेल तर वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन बांधा, त्यात इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालून तेल टपकलं की झालं. एक जरी तार तुटलेली दिसली तर तेल नको, नवी वायर घाला. लायनर फार झिजला असेल तरी कॅम गरजेपेक्षा जास्त फिरून आडवा होतो आणि तिथेच अडकतो. तेव्हा शू बदला. आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसा.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर वायर नाही, ब्रेक ऑइल असतं. तिथे कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला धरणाऱ्या चिमट्याचा निपल, ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, किंचित उघडून बघा. चाक सुटलं तर दाब अडकलाय, म्हणजे हँडलवरचा मास्टर सिलिंडर किंवा तिथून खाली येणारी होज, म्हणजे ऑइलची नळी, पाहा. नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना गंजल्यात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदलाच. रबरी सीलला पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नका, सील फुगतं.

माझं एक म्हणणं आहे, विषयाला थोडं सोडून. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी धुवून घेतात, ते मला पटत नाही. ते पाणी बेअरिंगपर्यंत जातं, कॅमपर्यंत जातं. बादली आणि फडकं घ्या. धुताना गाडीवरून हात फिरतो, ढिला नट कळतो. आणि पोरांना पुढच्या ब्रेकची भीती घालू नका. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, गाडी थांबते ती मुख्यतः पुढच्या चाकाने. नाशिकच्या द्वारका चौकात नुसत्या मागच्या ब्रेकवर घसरत जाणारी मुलं पाहिली की मला चैन पडत नाही.

तर, आधी वायर सोडा, मग ठरवा. आज संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, घरातल्या कोणाला तरी मागच्या बाजूला बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. ब्रेक दाबा, सोडा, चाकाला हाताने एक फेर द्या. तीनदा करा, आणि तिन्ही वेळा सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय का ते बघा.

नमस्कार.