उलाळ गाडी आणि हवेच्या पिशव्या

(डेन्व्हर परिसरातल्या मराठी मंडळींच्या उन्हाळी कॅम्पिंगआधी झालेल्या बैठकीतलं भाषण; थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. विषय पत्रकात छापलाय: ‘ट्रेलर ओढताना पिकअपच्या एअर बॅग कशा वापराव्यात’. मघाशी दारात एका काकूंनी विचारलं, “त्या अपघात झाला की फुटतात त्याच ना?” त्या नव्हेत, काकू. त्या स्टिअरिंगमधल्या. मी बोलणार आहे मागच्या चाकांजवळ, चासी आणि आख यांच्यामध्ये बसवतात त्या रबरी पिशव्यांबद्दल. एकावर एक ठेवलेल्या दोन बटाटेवड्यांसारख्या दिसतात. वाल्व्हमधून हवा भरायची, की पिशवी फुगते आणि गाडीचा मागचा भाग वर उचलते. मुंबई-पुणे व्होल्वोने गेला असाल तर हवेच्या स्प्रिंगवर बसूनच गेलात. आपल्या पिकअपला मूळ पाटे किंवा कॉइल स्प्रिंग असतातच. ही पिशवी त्यांना जोड म्हणून येते.

पण मला सुरुवात करायची आहे बैलगाडीपासून. इथे सांगली-कोल्हापूरकडचे किती जण आहेत? हात वर करा. छान, म्हणजे ‘उलाळ’ हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गाडीत मागे वजन जास्त झालं, की पुढचं जू वर उचलायला बघतं. ती गाडी उलाळ झाली. मग जोत बैलाच्या गळ्याला खालून लागतं, बैल घुसमटतो आणि त्याचे पाय जमिनीत नीट रुतत नाहीत. आमचे आबा ऊस भरून झाला की बैल जोडायच्या आधी एक गोष्ट न चुकता करायचे. जुवाखाली तळहात घालून ते हलकेच उचलून बघायचे. जू हाताला जरा जड लागलं पाहिजे. पिसासारखं वर आलं, की म्हणायचे, “उलाळ हाय. दोन मोळ्या फुडं घ्या.” दोन मोळ्या पुढे सरकल्या की पुन्हा हात. मी सात-आठ वर्षांचा असेन, मलाही तिथे हात लावायला द्यायचे. ते वजन माझ्या तळहाताला अजून आठवतं. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या एका हातात आहे, म्हणून एवढा वेळ घेतला.

आता माझी हकिगत. अर्ध्या टनाची पिकअप, म्हणजे एफ-150, सिल्व्हराडो 1500, रॅम 1500 या वर्गातली. ‘अर्धा टन’ हे जुनं नाव आहे, आज तिची क्षमता त्याहून जास्त असते. ट्रेलर भरून 6,200 पौंडांचा. पहिल्याच सहलीला हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, ट्रेलर टेकवला आणि गाडी मागून बसली, नाक वर. रात्री समोरचे लोक दिवे मारत होते, कारण आमचा प्रकाश थेट त्यांच्या डोळ्यांत जात होता. एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. तिथल्या माणसाने गाडी बघितली आणि म्हणाला, “एअर बॅग टाक, मग काहीही ओढ.” ‘काहीही’ हा शब्द मी विसरलेलो नाही. टाकल्या. 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. गाडी अशी सरळ उभी राहिली की बायको म्हणाली, “आता कशी ताठ दिसतेय!” मीही खूश.

मग ग्लेनवुड स्प्रिंग्जला निघालो. आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा तुम्हाला माहीत आहे: 11,158 फूट, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार, कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. तिथे एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. हवेचा झोत आला, ट्रेलर हलला, मी स्टिअरिंग वळवलं आणि हाताला काहीच लागलं नाही. पुढची चाकं हलकी झाली होती. मुलं मागे गाणी म्हणत होती. वेग कमी केला, उजवीकडची लेन धरली आणि खाली येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. घाट संपला तेव्हा आबांचा हात आठवला. गाडी उलाळ होती. दिसत मात्र नव्हती!

परत आल्यावर त्याच सामानासह, त्याच माणसांसह कॅट स्केलवर गेलो. ट्रक स्टॉपवर असतो तो वजनकाटा. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, मग छापील चिठ्ठी मिळते. चार वेळा वजन केलं. माझी तिकिटं आणली आहेत, हातोहात फिरवा.

ट्रेलर सोडून: पुढे 3,300 पौंड, मागे 2,960. ट्रेलर जोडून, पिशव्यांत फक्त 5 पीएसआय: पुढे 2,960, मागे 4,100. हिचवर टेकलेलं वजन, ज्याला टंग वेट म्हणतो, ते 800 पौंड. पण मागचा आख 1,140 नी वाढला. वरचे 340 कुठून आले? पुढच्या चाकांवरून. हिचचा गोळा मागच्या आखाच्या पाच फूट मागे आहे, म्हणजे मागचा आख झाला तरफेचा टेकू. शेपूट दाबली की नाक उचलणार.

आता तिसरं तिकीट बघा. पिशव्यांत 70 पीएसआय, गाडी ताठ. पुढे 2,960. मागे 4,100. मी तिकीट दोनदा वाचलं. एक पौंडही हललेला नाही!

का हलेल? पिशवी वर चासीला ढकलते आणि खाली त्याच आखाला दाबते. डोक्यावर पोतं घेऊन वाकलेला माणूस ताठ उभा राहिला, म्हणून त्याच्या पायांवरचं पोतं हलकं होत नाही. माझ्या गाडीच्या मागच्या आखाची मर्यादा 3,800, मी 300 नी वर. एकूण मर्यादा 6,900, मी 7,060 वर. हे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असतात. पिशवी लावल्याने त्यातला एकही आकडा बदलत नाही. पिशव्यांच्या खोक्यावर ‘5,000 पौंड’ छापलेलं असतं ती पिशव्यांची उचलण्याची ताकद आहे. आख, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची नाही. पिशवी बनवणारेही आपल्या पुस्तिकेत हेच लिहितात. मला राग आहे तो त्या ‘काहीही’चा. गाडी मागून बसते तेव्हा ती मालकाला काही सांगत असते, आणि त्या दुकानाने मला तिचं तोंड बंद करण्याचं साधन विकलं. माझ्या घरची चार माणसं त्या उतारावर होती.

चौथं तिकीट. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावून. यात दोन स्प्रिंग बार ट्रेलरच्या दांडीला साखळीने ताणून बांधतात. ते हिचला पिळून पुढच्या चाकांवर भार परत ढकलतात आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर. पुढे 3,200, मागे 3,680, ट्रेलरच्या चाकांवर 180 जास्त. एकूण 6,880. सगळं मर्यादेत. आबांच्या त्या दोन मोळ्याच पुढे सरकल्या म्हणा ना.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. मसालेभात गार होतोय, मान्य. पत्रकात कबूल केलेला भाग पाच मिनिटांत सांगतो.

पिशव्या वाईट नाहीत. माझ्या अजून लावलेल्या आहेत. पिकअपच्या हौद्यात कॅम्पर बसवलाय, वजन मर्यादेत आहे पण गाडी मागून जरा बसते, तिथे त्या उत्तम. एका बाजूला पाण्याची टाकी आहे म्हणून गाडी तिरकी झाली तर तिथेही. गूसनेक किंवा फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यातच जोडतात त्या ट्रेलरचा भार आखाच्या जवळपास वरच पडतो, पुढची चाकं फारशी उचलली जात नाहीत, तिथेही चालतील. मात्र तिथे टंग वेटऐवजी पिनचं वजन, म्हणजे त्या जोडावर टेकलेलं वजन, असतं आणि तेही पेलोडमध्ये, म्हणजे गाडीवर लादता येणाऱ्या एकूण वजनात, धरायचं.

आपल्यासारख्या साध्या ट्रेलरसाठी क्रम असा. सपाट जागा. ट्रेलर न जोडता, पिशव्यांत 5 पीएसआय ठेवून, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची टेपने मोजून लिहा. ट्रेलर जोडा, पुन्हा मोजा. पुढची उंची जेवढी वाढली ती आधी स्प्रिंग बारने खाली आणा. गाडीच्या पुस्तिकेत किती आणायची ते असतं, तेच पाळा. त्यानंतरच हवा, पाच-पाच पीएसआयने, मागचा उरलेला झोल निघेपर्यंत. मग पुढची उंची परत मोजा. मागून हवा भरली की स्प्रिंग बार सैल पडतात आणि पुढचा भार पुन्हा निसटतो. बहुतेक जण नेमकं इथेच चुकतात.

दोन्ही पिशव्यांना वेगवेगळे वाल्व्ह ठेवा. एकच नळी टी लावून दोघींना जोडली, तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा हलक्या बाजूला जाते आणि गाडी जास्त कलते. हवा कधीच शून्यावर नेऊ नका, रबर चिमटून फाटतं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. नळी कापताना धारदार पात्याने काटकोनात कापा, तिरकी कापली तर गळणारच. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. ट्रेलर सोडला की हवा परत 5 वर आणा, नाहीतर रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. आणि कॅम्पिंगला निघायच्या आदल्या आठवड्यात, भरलेल्या सामानासह आणि सगळी माणसं बसवून, एकदा काट्यावर जाऊन या.

प्रश्न जेवताना घेऊ. माझी गाडी ट्रेलर जोडून बाहेर उभी आहे, टेप आणि गेज पुढच्या सीटवर आहेत. मुलांनाही आणा. स्प्रिंग बार काढून ट्रेलर टेकवतो, तेव्हा पुढची कमान टेपवर किती वर जाते ते त्यांनाच मोजू द्या.