पंप भरणारे हात

पत्र्यावर जुलैचा पाऊस आणि खाली, माजी सैनिकांच्या या वर्कशॉपमध्ये, ओळीने मांडलेले मोनोब्लॉक पंप, मोटर आणि पंप एकाच अंगाचे. गोव्यात फोंड्याच्या कुळागरांतले, म्हणजे पोफळीच्या बागांतले. एप्रिल-मेच्या शिंपण्यात जळले, आता भरायला, म्हणजे मोटरीत तार नव्याने गुंडाळायला, आलेत. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर करंट जास्त ओढते नि तापते. नाहीतर सील गळून पाणी आत शिरतं. पंप घरोघर आहेत, भरून देणारा मात्र शोधावा लागतो.

या बाकावरचे लष्करातले माजी नायक. डावा पाय गुडघ्याखाली नाही. सुरुंग.

आधी जुनं वाइंडिंग, म्हणजे तारेची जुनी गुंडाळी, वाचायचं. चोवीस खाचांचा स्टेटर, मोटरचा न फिरणारा भाग. कॉइल कुठून कुठे जाते, वेढे किती, तार किती गेजची, हे वहीत उतरल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. वेढे कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर जोर जातो. मग खाचेत कागद, दोन्ही तोंडांना थोडा बाहेर. तो आत सरकला की तार लोखंडाला टेकलीच.

शेजारच्या बाकावरच्याला उजव्या हाताच्या जागी हूक. लोखंडी हुकाने तार धरली तर तिच्यावरचा एनॅमलचा लेप खरवडतो आणि तिथेच वेढे शॉर्ट होतात. म्हणून तार फेल्टच्या दोन पट्ट्यांतून घेतलीय. ताण फेल्ट देतं, हँडल डावा हात फिरवतो, वेढे काउंटर मोजतो. माणसाला बाक जुळवायचा, बाकाला माणूस नव्हे.

या हवेत कोरडं दिसणारं वाइंडिंग कोरडं नसतं. वार्निशआधी स्टेटर ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तापवतात. आळस केला तर ओल वार्निशखाली कोंडते आणि इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर एक मेगओमही दाखवत नाही. मग सगळं पुन्हा.

घाम कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्येही, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीतही, साचतो. दुपारी कृत्रिम पाय काढून मोजा बदलायचा. उरलेला पाय दिवसभरात थोडा आटतो, सॉकेट सैल झालं की मोज्यावर मोजा. ही सुट्टी वेळापत्रकात लिहिलेली आहे. ती सवलत नाही, पंधरा किलोचा पंप उचलायच्या आधीची तयारी आहे.

जखमी सैनिकांना धंदा शिकवणं नवं नाही. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून हेच करते, आज खडकीला. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४चं. शिकून निघालेल्याला काम मिळतं, पेन्शनीत भर पडते.

चाचणी. क्लॅम्प मीटरवरचा करंट मोटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत. पाणी टाकीतून टाकीतच पडतंय. पोफळींना ते दिवाळीनंतर लागेल.