वस्तीतला बडग्या आणि तीन आठवड्यांची कार्यशाळा

मित्रहो, वस्तीत मुलांसाठी कलेचं काम उभं करायचं असेल, तर आधी एका दिवसाच्या शिबिराचा मोह सोडा. दोन तासांत मूल जे करतं ते बहुतेक वेळा मोठ्यांनी अर्धं करून ठेवलेलं असतं. मुलाला एकच वस्तू सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेऊ द्यायची, तर सहा तरी बैठका लागतात.

नागपुरात यासाठी पोळ्याआधीचे तीन आठवडे घ्यावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळाही असतो आणि मारबतही निघते, म्हणजे रोगराई-इडापिडा घालवण्यासाठी पुतळ्यांची मिरवणूक. तिच्यातले वाईट गोष्टींवर टोमणा मारणारे पुतळे म्हणजे बडगे; एक असला की बडग्या. कागद, बांबू, जुने कपडे यांतून बडगे कसे उभे राहतात, हे इथल्या लेकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. लहानांना मुखवटे द्या, तेरा वर्षांपुढच्यांना बडग्या द्या. दोघांना एकाच सतरंजीवर बसवलंत तर मोठी पोरं दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत. मुलींची गळती मात्र वेगळ्या कारणाने होते. त्यांच्याकडे धाकटं भावंड सोपवलेलं असतं आणि नळाची वेळ सांभाळायची असते. भावंडाला सोबत आणू द्या आणि नळाची वेळ विचारूनच बैठक ठरवा.

आता मुखवटा. एक वाटी मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून घोटा. या हवेत खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी करा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे. मुलांच्या हातात ती खळ देऊ नका. साच्याला शाडूचा उंचवटा उत्तम, त्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असल्याने नीट चिकटते. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा कोऱ्या कागदाचा, म्हणजे कुठे जागा सुटली ते मुलालाच दिसतं.

सगळ्यात जास्त मुखवटे बिघडतात ते वाळवताना. एका बैठकीत दोनच थर, एकूण सहा. उत्साहात पाच-सहा थर एकदम चढवले की वरून कडक होतात आणि आत ओल राहते. मग साच्यावरून काढल्यावर नाक बसतं, चार दिवसांत काळी बुरशी येते. पावसाळी दिवसांत समाजमंदिराच्या पंख्याखाली सुटे सुटे ठेवा, एकावर एक रचू नका. गालाला हात लावून गार वाटलं तर अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचा हात द्या, नाहीतर छपाईची शाई रंगातून डोकावते. वीस मुलांसाठी चार-चारचे पाच गट पुरतात. काळा रंग सगळ्यात शेवटी वाटा, आधी दिला तर बाकीचे रंग मळतात.

बडग्याचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, सुतळीने बांधलेला आणि आत तणस, म्हणजे धानाचा पेंढा. तो जड होऊ देऊ नका, चौघांना फेरीभर उचलता आला पाहिजे. कामट्यांचे कूस तळव्यात जातात, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. विषय पोरांनीच ठरवावा: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), तुंबलेली नाली, रस्त्यावरचे खड्डे. एकच नियम ठेवा, वस्तीतल्या कोणाचं नाव किंवा चेहरा नको. तसं झालं की भांडण पालकांपर्यंत जातं आणि पुढच्या वर्षी जागा मिळत नाही. पाटीवरची वाक्यं पोरांचीच राहू द्या. त्यांची वऱ्हाडी-नागपुरी सुधारू नका, तीच तर त्या बडग्याची धार आहे.

इतवारी-महालकडच्या मुख्य मिरवणुकीत लहानांना नेऊ नका. गर्दी अफाट असते आणि मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही. मुखवटा काठीला बांधा, आपल्याच गल्लीत फेरी काढा. ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाळी पोरं स्वतःच उचलतात. बडग्या शेवटी मोकळ्या जागी मोठ्यांच्या देखरेखीत जाळावा. मुखवटे त्याच दिवशी ज्याचे त्याच्या घरी जाऊ द्या. संस्थेच्या प्रदर्शनासाठी ते गोळा करून ठेवू नका. नोंदीला फोटो पुरतो, तोही पालकांना विचारून.