खारीगाव, सहा अंडी आणि 66 टक्के

कळव्याजवळ खारीगावातलं हे घर, दोन खोल्यांचं. बाहेर धो धो पाऊस, पारसिकचा डोंगर दिसतच नाहीये, आणि इथे कपाटाच्या खालच्या कप्प्यात थर्माकोलचा खोका, त्यात ओलसर व्हर्मिक्युलाइटवर, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांवर, सहा अंडी. बॉल पायथनची, म्हणजे मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलची बारीक खूण दिसतेय ना, ती वरची बाजू, कारण मध्येच अंडं फिरलं तर आतलं पिल्लू जाऊ शकतं. 31-32 अंश तापमान, साधारण 55 ते 60 दिवस. लाइट गेली की आमच्या मित्राचा जीव वरखाली होतो, इन्व्हर्टर घेतला तो या खोक्यासाठीच.

आईबाप दोघंही दिसायला साधे, काळे-तपकिरी. पण दोघंही हेट अल्बिनो आहेत, म्हणजे अल्बिनोचं एक जनुक अंगात आहे पण दिसत नाही, ते दोन्हीकडून आलं तरच पिल्लू पिवळं-पांढरं आणि लाल डोळ्यांचं निघतं. मित्राने लाइटबिलाच्या मागे चार घरांची चौकट काढलीय, शाळेत मेंडेलच्या वाटाण्याला काढायचो तीच. एक घर अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साधं.

आता गोची इथे होते. सहा अंडी आणि चारात एक, म्हणजे एखाद-दुसरा अल्बिनो येणारच असं लोक धरून चालतात, पण तसं नाहीये, प्रत्येक अंडं आपली चिठ्ठी नव्याने काढतं, शेजारच्यात काय निघालं त्याचा याच्याशी संबंध नाही. सहाच्या सहा दिसायला साधी निघायची शक्यता जवळपास 18 टक्के आहे, म्हणजे चांगलीच आहे.

सगळे मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचे प्रकार, असे लपून बसत नाहीत. पेस्टलचं एक जनुक असलं तरी रंग उजळतो, दोन असली की सुपर पेस्टल. स्पायडरचंही एकात दिसतं, नक्षी सुंदर असते, पण त्याच जनुकामुळे डोकं डुगडुगतं, काहींना भक्ष्य नीट पकडताही येत नाही. आमचं स्पष्ट मत आहे, स्पायडरची पैदास करूच नये.

आणि हो, नाग, धामण, आपल्याकडचा अजगर घरी पाळायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, पिल्लं झाली की त्यांचीही.

सत्तावन्नावा दिवस. पहिल्या अंड्याला चीर पडली, नाक बाहेर आलं. काळं. दुसरं, तेही काळं. दुपारपर्यंत सहाही बाहेर, सगळी साधी. आई दारातूनच विचारते, "पांढरं नाही आलं का रे एकही?"

नाही आलं. पण अल्बिनोचं घर चौकटीतून खोडलं की उरतात तीन, त्यातली दोन हेटची, म्हणून यातलं प्रत्येक पिल्लू 66 टक्के हेट. नुसतं बघून कळणार नाही. त्यातली मादी मोठी व्हायला तीनेक वर्षं, मग अल्बिनो नराशी जोडी लावायची, एक जरी अल्बिनो निघाला तर ती हेट हे पक्कं, आणि सहा अंड्यांत एकही नाही निघाला तर ती बहुतेक पूर्ण साधीच.

मित्र मार्कर घेतो, सहा डब्यांवर पट्ट्या चिकटवतो. तारीख, वजन, आणि खाली: 66 टक्के हेट अल्बिनो.