कारवीचा मध

नमस्कार श्रोतेहो. आज कारवीच्या मधाबद्दल बोलायचंय. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी. पुन्हा सांगते, आठ वर्षांनी एकदा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ती २००८ला फुलली, २०१६ला फुलली, २०२४ला फुलली. एरवी नुसती पानं आणि काठ्या. त्याच काठ्यांवर शेणमाती लिंपून पाड्यांवर कुडाच्या भिंती होतात. पाऊस सरता सरता जांभळी फुलं येतात, मधमाश्या तुटून पडतात आणि गडद, दाट मध होतो. मग झुडूप वाळतं. त्याचं बी पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बोंडं फुटून उडतं. म्हणून सांगते, फोटोसाठी झुडपात घुसून फुलं तोडणाऱ्यांचा मला फार राग येतो. ते बी पुन्हा कधी मिळणार?

तर २०१६च्या दिवाळीत माझा मामा भीमाशंकरच्या बाजूने दहिसरला आला. पिशवीत काचेची बाटली, बुचावर कापड, वर सुतळी. आईने बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि बॉलपेनने तिच्यावर आठ रेघा मारल्या. वर्षाला एक रेघ! बाटली गेली साड्यांच्या कपाटात. मुलाला खोकला झाला, तरी आल्याच्या रसात अर्धाच चमचा. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या आजींचा खोकला थांबेना, तेव्हा आईने एका महिन्यात दोन रेघा खाली आणल्या. पुढचं वर्षभर आम्ही कोणी बाटलीला हात लावला नाही.

मध काचेतच ठेवा बरं का, प्लास्टिकमध्ये नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

विकत घेताना एवढंच विचारा: कुठल्या सालचा, कुठल्या डोंगराचा? डोंगरागणिक फुलायचं साल पुढेमागे होतं. पण साल आणि डोंगर, दोन्ही सांगता आलं पाहिजे. साल आणि डोंगर.

२०२४च्या सप्टेंबरात आईला पार्कात नेलं. तिने फुलाला हात लावला नाही, नुसती कान देऊन उभी राहिली. "ऐकलंस? काम चाललंय त्यांचं," म्हणाली. घरी येऊन शेवटच्या रेघेखालचा मध चार बश्यांत वाढला, बाटली कोमट पाण्याने खळबळून ते पाणी मला प्यायला लावलं, बाटली उन्हात पालथी घातली आणि मामाला फोन लावला.