रांग मोडा, चौकोन आखा

(दृश्य: रिकामं मैदान. हातात खुणेच्या चकत्यांची चळत घेतलेला प्रशिक्षक लांब पावलं टाकत अंतर मोजतो.)

सराव सुरू व्हायला अजून ४० मिनिटं आहेत. नव्या फुटबॉल प्रशिक्षकाचं आजचं सगळ्यात मोठं काम मात्र सुरू झालंय. एक लांब पाऊल म्हणजे साधारण एक मीटर. दहा पावलं, एक चकती. काटकोनात वळून पुन्हा दहा. पुढच्या तासाभरात तो घसा फोडून जे सांगेल, त्यापेक्षा या चार चकत्या मुलांना जास्त शिकवणार आहेत.

पुढच्या सरावाचा चौकोनही तो आत्ताच आखून ठेवतो, याच चौकोनाला लागून, दुसऱ्या रंगाच्या चकत्यांनी. ते राहिलं तर ऐन सरावात मुलं उभी राहतात आणि प्रशिक्षक चकत्या वेचत फिरतो. अशी पाच मिनिटं दोनदा गेली की हाताखालून सराव निसटला म्हणून समजा.

(दृश्य: गोलपोस्टसमोर मुलांची लांबलचक रांग.)

नवखेपणाची पहिली खूण ही. सोळा मुलं, एक रांग, एक गोल, एकच चेंडू. दिसायला शिस्तशीर, कुंपणाबाहेरचे पालकही खूश. आता घड्याळ लावा. चेंडू परत आणण्यासकट एका फटक्याला २० सेकंद धरले, तर पाळी पुन्हा यायला ५ मिनिटं २० सेकंद लागतात. म्हणजे पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन फटके. उरलेल्या वेळात मुलं गवत उपटतात, पुढच्याची जर्सी ओढतात. मग तक्रार येते, की हल्लीची मुलं लक्षच देत नाहीत!

त्याच सोळा जणांची चार छोटी मैदानं करा. प्रत्येकी १५ बाय १० मीटर, दोन विरुद्ध दोन, मैदानागणिक एक चेंडू. दोन्ही टोकांना दोन-दोन चकत्यांचे गोल, गोलरक्षक नाही. आता दर काही सेकंदांनी कुणाला तरी पास, वळण किंवा फटका यातलं एक निवडावंच लागतं. आजूबाजूला सांडलेले चेंडू आणायला धावाधाव नको म्हणून दोन-तीन जादा चेंडू कडेला ठेवायचे.

(दृश्य: चौकोनात चार विरुद्ध दोन. कॅमेरा पायांवर.)

हा रोंडो. चार जण कडेला, दोघं आत, चेंडू हिरावून घ्यायला. चौकोन दहा मीटरचा. दोन-तीन पासांतच चेंडू जातोय? बाजू दोन पावलांनी वाढवा. आतले दोघं नुसतेच पळून दमताहेत? तेवढीच कमी करा. प्रशिक्षणवर्गात हे बदल चार खात्यांत मांडून शिकवतात: जागा, काम, साहित्य आणि माणसं. यातली जागा आधी बदलून पाहावी. खेळ न थांबवता बदलता येते आणि मुलांना नवा नियम समजावत बसावं लागत नाही.

नवा प्रशिक्षक चेंडूकडे बघत राहतो. बघायचं असतं ते ज्याच्याकडे चेंडू यायचाय त्याच्याकडे. हा मुलगा पाहा. पास देणाऱ्याकडे सरळ तोंड करून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभा आहे. चेंडू आला की जवळच्या पायाने थांबवतो, मग वळतो, तोवर बचाव करणारा अंगावर. शेजारची मुलगी अर्धी वळलेली आहे. चेंडू अंगासमोरून जाऊ देते आणि लांबच्या पायावर घेते. तिचा पहिला टच म्हणजेच पुढच्या पासची तयारी. फरक टाचेच्या कोनाचा आहे, आणि पाच-सहा मीटरवर उभं राहिल्याशिवाय तो दिसत नाही.

दिसलं की थांबवायचं का? दर वेळी नाही. शिट्टी वाजली की सोळा जणांचा खेळ मोडतो. चूक एकाचीच असेल तर जाता-जाता त्यालाच सांगावं. चौघा-पाचांची तीच चूक होत असेल तर थांबवावं, एकच मुद्दा दाखवावा, तिसाव्या सेकंदाला चेंडू पुन्हा सुरू. एका थांब्यात तीन मुद्दे सांगितले, तर मुलांच्या डोक्यात एकही उरत नाही.

(दृश्य: हातपंपाने चेंडूत हवा भरली जाते.)

साहित्याचं थोडक्यात. सर्वसाधारणपणे आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा चेंडू, बारापर्यंत चार, पुढे पाच. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. तो सात वर्षांच्या मुलाला दिला की ते पायाच्या आतल्या बाजूने पास न देता अंगठ्याने ढकलायला लागतं. सवय चेंडूने लावली आणि ओरडा मुलाने खाल्ला.

वॉर्म-अपसाठी १४ वर्षांवरील खेळाडूंना फिफाचा '११ प्लस' आयता मिळतो: १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं. लहानांसाठी त्याचीच वेगळी आवृत्ती आहे. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखतो अशी कुरकुर आली, तर ती आळसात मोजू नये. हाडं झपाट्याने वाढत असताना स्नायूंचा ताण नेमका तिथे येतो.

तीन गोष्टींत मात्र वाद घालायचा नाही. हलवता येणारा गोलपोस्ट मागून खिळवलेला किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेला नसेल, तर त्याच्याजवळ सराव नाही. लोंबकळणाऱ्या मुलांवर असे गोलपोस्ट कोसळून जीव गेलेले आहेत. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, तर ते मूल त्या दिवशी परत मैदानात नाही, कितीही 'बरं वाटतंय' म्हणालं तरी. आणि ढगांचा शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं सगळे छताखाली.

(दृश्य: सामन्याचा दिवस. प्रशिक्षकाच्या हातात चौकोन आखलेला कागद.)

सामन्याच्या दिवशी भांडण होतं ते मिनिटांवरून. सात जणांचा संघ, ४० मिनिटांचा सामना, हाताशी दहा मुलं. सात गुणिले चाळीस, २८० मिनिटं. दहा जणांत प्रत्येकी २८. हा हिशेब आदल्या रात्री कागदावर उतरवला नाही, तर एका गोलने मागे पडताच सगळ्यात अंगापिंडाने थोराड मुलं आत राहतात. बरेचदा ती जास्त कसलेली नसतात, नुसती आधी जन्मलेली असतात. वयोगट ठरवण्याची तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं असतं.

(दृश्य: प्रशिक्षणवर्ग. फळ्यावर मैदानाची आकृती.)

आता प्रशिक्षकाच्या परवान्याबद्दल. आशियाई फुटबॉल महासंघाची उतरंड डी, सी, बी, ए आणि प्रो अशी, युरोपात सी पासून. मोठा खेळाडू असण्याची अट कुठेच नाही. इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्की कधीच व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि त्यांच्या मिलान क्लबने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. दुखापतींमुळे लवकर खेळ सोडावा लागलेले युलियान नागेल्समान फेब्रुवारी २०१६मध्ये होफेनहाइम या जर्मन क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

पण परवान्याच्या परीक्षेत जो सराव घ्यावा लागतो, त्यात एक फसवेगिरी असते. तिथे खेळाडू म्हणून बहुतेक वेळा सहाध्यायीच उभे असतात. मोठी माणसं, सांगितलं ते मुकाट करणारी. तोच सराव नऊ वर्षांच्या मुलांपुढे चौथ्या मिनिटाला विस्कटतो. म्हणून वर्गाला नाव घालण्याआधी एक मोसम कुणाच्या तरी हाताखाली काढलेला बरा.

सुरुवातीचं काम बहुधा अर्धवेळ आणि तासावर असतं, कधी बिनपगारीही. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: सामन्याच्या दिवसाचे तास धरणार की नाही, प्रवासखर्च कोण देणार, आणि मैदानावर अपघात झाला तर विमा कुणाचा. विचारायला संकोच वाटतो खरा, पण मोसमाच्या मध्यावर विचारणं त्याहून अवघड जातं.

(दृश्य: संध्याकाळ. जाळीच्या पिशवीत चेंडू मोजून भरले जातात. प्रशिक्षक वहीत लिहितो.)

चौदा चेंडू आले होते, तेरा भरले. एक झुडपात सापडतो. मग वहीत तीन ओळी: 'रोंडो दहा मीटरचा लहान पडला, पुढच्या वेळी बारा. शिट्टी नऊ वेळा वाजवली. डाव्या कडेच्या मुलीने तासभरात एकदाही डावा पाय वापरला नाही.'