उखळी तोफ आणि मातीची भिंत

(धुळ्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विषय आजच्या लष्करी तळांचा आहे, पण सुरुवात मालेगावापासून करतो. आज ते नाशिक जिल्ह्यात आहे; १८१८ साली मात्र खानदेशातच धरलं जायचं. त्या वर्षी इंग्रजांनी तिथल्या भुईकोटाला वेढा घातला. आत अरबांची शिबंदी होती. मेच्या अखेरीस इंग्रजांनी चढाई केली आणि ती साफ फसली. मग अहमदनगरहून जास्तीचा तोफखाना आला, त्यात उखळी तोफा होत्या. जूनमध्ये त्यांचे गोळे तटावरून थेट आत पडू लागले. दारूकोठारं उडाली, त्या धडाक्यात आतल्या तटाचा मोठा भाग ढासळला आणि काही दिवसांतच किल्ला हाती गेला. तटासमोर उभं राहून जे जमलं नाही, ते तटाला वळसा घालून, म्हणजे वरून, जमलं.

आजची उखळी तोफ, जिला फौजेत मॉर्टर म्हणतात, दोन-तीन जवान वाटून उचलतात. खाली जड बैठक, वर नळी, पुढे दोन पाय. नळीच्या तोंडातून गोळा सोडायचा. तो घसरत तळाशी जातो, खिळ्यावर आपटतो आणि आल्या वाटेने उडतो. ही सुटसुटीत रचना विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनिअरची, १९१५ सालची. शंभर वर्षांत तिच्यात मुळातून बदलावं असं फारसं काही सापडलेलं नाही. ८१ मिलिमीटरचा गोळा साधारण चार किलोचा असतो आणि पाचेक किलोमीटर सहज जातो. नळीला ४५ अंशांहून जास्त चढ देऊन मारा करतात, त्यामुळे गोळा आधी आभाळात चढतो आणि मग जवळजवळ उभा खाली येतो. मधे टेकडी असो की तट, त्याला फरक पडत नाही. तो अर्धा मिनिट हवेत असतो, तोवर डागणारे सामान गुंडाळून निघालेले असतात. इराकमध्ये बलाडच्या अमेरिकी तळावर असे गोळे इतके पडायचे की सैनिकांनी त्या तळाचं नावच ‘मॉर्टरिटाव्हिल’ ठेवलं होतं.

मघाशी चहाच्या वेळी एका बाबांनी मला अहिराणीत विचारलं, “गोया वरथून येस, मंग भित कसाले बांधतस?” म्हणजे, गोळा वरून येतो, मग भिंत कशाला बांधतात? प्रश्न अगदी नेमका आहे, तेव्हा त्याच्यावरच जरा थांबू.

गोळा ज्याच्या डोक्यावर पडला त्याला भिंत वाचवत नाही. पण गोळा क्वचितच कुणाच्या डोक्यावर पडतो. तो पडतो दहा-वीस पावलांवर. तिथे माणूस मरतो तो किरचांनी. गोळ्याचं पोलादी कवच फुटतं आणि त्याचे तुकडे मुख्यत्वे त्याच्या कुशीतून बाहेर फेकले जातात. गोळा उभा पडला, की हे तुकडे चहूकडे आडवे, जमिनीलगत सुटतात. माणूस खाटेवर झोपलेला असतो दीड-दोन फुटांवर. म्हणजे त्याच्या तंबूभोवती छातीइतकी भिंत असली तरी शेजारी फुटलेल्या गोळ्यापासून तो पुष्कळसा वाचतो. तळाच्या हद्दीवरची उंच भिंत बंदुकीसाठी आणि स्फोटकं भरून येणाऱ्या ट्रकसाठी. मॉर्टरसाठीची भिंत तळाच्या आत लागते, आणि एक मोठी नाही, अनेक लहान. दोन तंबूंच्या मधे, डिझेलच्या टाक्यांभोवती, उभ्या हेलिकॉप्टरांच्या मधे. एका कप्प्यात पडलेलं नुकसान त्याच कप्प्यात राहिलं पाहिजे. मालेगावच्या गढीत नेमकं हेच नव्हतं.

या आतल्या भिंती आज बहुतेक ठिकाणी ‘हेस्को’च्या असतात. जाड तारेची जाळीदार पेटी, आत न विणलेल्या कापडाचं अस्तर. घडी करून आणायची, उलगडायची आणि लोडरने माती ओतायची. कल्पना जिमी हेसेल्डन यांची. इंग्लंडमधल्या लीड्सजवळचा हा पूर्वीचा खाणकामगार. त्याने ती पेटी केली होती पूर आणि किनाऱ्याची धूप रोखायला. १९९१च्या आखाती युद्धापासून ती फौजेत शिरली. आपल्याकडे नाल्यांवर जाळीत दगड भरून गॅबियन बंधारे घालतात, त्यांचीच ही भावकी. हेस्कोत दगड मात्र भरायचे नाहीत, कारण स्फोटात तेच उडतात. नेहमीच्या मापाची दहा मीटर लांब, साडेचार फूट उंच, साडेतीन फूट रुंद पेटी भरायला पाच ब्रासच्या आसपास मुरूम लागतो. आपली कापसाची काळी माती इथे कुचकामी: पावसात फुगून जाळी फुगवते, उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. वाळू किंवा मुरूमच हवा. काँक्रीटच्या उंच उभ्या भिंतीही वापरतात, लवकर उभ्या राहतात, पण मोठा दणका बसला की तिच्या आतल्या बाजूच्या खपल्या उडतात आणि आडोशाला बसलेल्यालाच लागतात. माती दणका गिळते.

आता डोक्यावरचं. धाब्याच्या घरासारखं मातीचं छत टाकलं की झालं, असं वाटेल. हिशोब करा: दहा बाय दहाच्या खोलीवर मीटरभर माती म्हणजे पंधरा टनांच्या आसपास भार, भिजली की आणखी. गोळ्याआधी छतच अंगावर यायचं. म्हणून वरती एक हलकं छत घालतात, गोळ्याला तिथेच फुटायला लावणारं. मग मोकळी जागा. आणि त्याखाली किरचा अडवणारं जाड छत. गोळ्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, उशिरा चालणारी असेल तर गोळा वरचं छत भेदून मग फुटतो आणि हे गणित बिघडतं, हेही सांगून ठेवतो.

२१ डिसेंबर २००४ रोजी इराकमधल्या मोसूलच्या अमेरिकी तळावर जेवणाच्या तंबूत स्फोट होऊन २२ जण गेले. आधी वाटलं, रॉकेट पडलं. तपासात निघालं, आत्मघातकी हल्लेखोर आत शिरला होता. वरचं छत मजबूत करायचं की दार, हा वाद तेव्हापासून प्रत्येक तळावर चालतो, आणि माझ्या मते पैसे आधी दाराला द्यावेत. पुढच्याच वर्षी अमेरिकेने इराकमध्ये गोळा हवेतच फोडणाऱ्या स्वयंचलित तोफा आणल्या. रडार गोळा हेरतं, भोंगा वाजतो, २० मिलिमीटरच्या गोळ्यांचा फवारा सुटतो. मोठ्या तळाला ते परवडतं. डोंगरावरच्या वीस जवानांच्या चौकीला पोतीच भरावी लागतात.

आणि गावांना? नियंत्रण रेषेवर पूंछ-राजौरीकडे मॉर्टरचे गोळे घरांवरही पडतात. केंद्राने जम्मू भागातल्या सीमेलगतच्या गावांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले, काही घरगुती, काही सामाईक. बाबा, तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग इथे आहे. बंकरच्या दारासमोर चार-पाच फुटांवर एक सुटी आडवी भिंत असते. तिला वळसा घालून आत जावं लागतं. किरचा सरळ जातात, त्यांना वळता येत नाही. पण पहिला गोळा सांगून येत नाही, म्हणून सामाईक बंकर गावाच्या टोकाला असला तर भिंत कितीही जाड असो, माणूस मधल्या गल्लीतच सापडतो. ज्यांच्या घराला लागून बंकर झाला, त्यांचं निभतं.